थायरॉइडचे चित्र आणि थायरॉइडचे काम

थायरॉइडच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘म्हणजे माझा थायरॉइड जास्त आहे की कमी?’ अनेक वर्षे सोनोग्राफीच्या खोलीत काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकत आले आहे, आणि त्याचे उत्तर सोनोग्राफीपाशी नसते. ग्रंथी केवढी आहे, तिचा पोत कसा आहे, तिच्यात गाठी आहेत का आणि असल्या तर त्या कशा दिसतात, एवढेच ते चित्र सांगते. ग्रंथी संप्रेरक, म्हणजे हार्मोन, जास्त तयार करते आहे की कमी, हे रक्ताच्या तपासणीतून कळते. चित्रात अगदी निर्दोष दिसणारी ग्रंथी कामात मंदावलेली असू शकते; उलट गळ्यावर ठळकपणे दिसणारा गळगंड असलेल्या माणसाचे रक्तातले आकडे पूर्णपणे नेहमीसारखे असू शकतात. थायरॉइडच्या प्रतिमा-तपासण्या अनेक आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकीला एक ठरावीक प्रश्न विचारता येतो. तो प्रश्न आधी ठरला नसेल, तर उत्तम यंत्रावर काढलेले सुस्पष्ट चित्रही रुग्णाला मदत करण्याऐवजी नव्या काळजीत टाकते, असे माझे मत अनुभवाने पक्के होत गेले आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून थायरॉइडला कामाला लावते. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक कमी पडू लागले की टीएसएच वाढते आणि ते जास्त झाले की टीएसएच खाली जाते. अल्पस्रावाचे, म्हणजे हायपोथायरॉइडिझमचे, निदान बहुतेक वेळा टीएसएच आणि टी-४ (थायरॉइड स्वतः बनवते ते मुख्य संप्रेरक) या दोन आकड्यांवर पूर्ण होते आणि गोळीची मात्राही त्यांच्यावरूनच ठरते. गळ्याला हात लावून पाहिल्यावर गाठ लागत नसेल आणि ग्रंथी मोठी वाटत नसेल, तर केवळ रक्तातले आकडे बिघडले म्हणून सरसकट सोनोग्राफी करू नये, असा सल्ला अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०१३ साली ‘चूझिंग वाइजली’ या अनावश्यक तपासण्या टाळण्याच्या मोहिमेत दिला. मी स्वतः सोनोग्राफी करणारी असूनही मला तो सल्ला योग्य वाटतो. त्याचे कारण समजण्यासाठी आधी सोनोग्राफी काय पाहते आणि किती बारीक पाहते, ते पाहायला हवे.

सोनोग्राफीला थायरॉइडइतका सोयीचा अवयव क्वचितच मिळतो. ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला लागून, त्वचेखाली अगदी थोड्या खोलीवर असते. ध्वनिलहरींची वारंवारता जितकी जास्त तितके चित्र बारीक, पण तितकाच त्यांचा शरीरातला प्रवास उथळ, असा या तंत्राचा नियम आहे. पोटातले अवयव पाहताना खोल जाण्यासाठी चित्रातल्या बारकाव्याचा काही भाग सोडून द्यावा लागतो. थायरॉइडच्या बाबतीत ती वेळ येत नाही. ७ ते १५ मेगाहर्ट्झचा सपाट प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे आणि टिपणारे हातातले उपकरण, गळ्यावर टेकवला की काम भागते. शरीरातल्या मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, त्यामुळे १० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ०.१५ मिलिमीटर भरते. दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा या तंत्रातून स्पष्ट दिसते. यात किरणोत्सर्ग नसतो, सुई टोचावी लागत नाही, उपाशीपोटी यावे लागत नाही, आणि गर्भवती स्त्रीपासून नवजात बाळापर्यंत कोणाचीही तपासणी निर्धास्तपणे करता येते. खांद्याखाली उशी घेऊन मान थोडी मागे टाकायची, एवढाच काय तो त्रास.

निरोगी थायरॉइड पडद्यावर एकसारख्या, फिकट राखाडी पोताची दिसते आणि तिच्या पुढचे मानेचे पट्ट्यासारखे स्नायू तिच्यापेक्षा गडद दिसतात. या स्नायूंशी केलेली तुलना हाच आमचा पहिला मापदंड असतो. ग्रंथीच्या उजव्या आणि डाव्या अशा प्रत्येक खंडाची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून त्यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणले की त्या खंडाचे अंदाजे आकारमान मिळते. दोन्ही खंड मिळून स्त्रियांमध्ये साधारण १८ मिलिलिटर आणि पुरुषांमध्ये २५ मिलिलिटर ही वरची मर्यादा अनेक ठिकाणी धरली जाते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने १९१२ साली वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते. त्या दाहामुळे ग्रंथीचा पोत गडद आणि असमान होतो, मध्ये मध्ये तंतुमय पांढऱ्या रेषा उमटतात आणि काही वेळा सगळीकडे बारीक गडद ठिपके विखुरलेले दिसतात. ग्रेव्हज आजारात, म्हणजे ग्रंथी जादा संप्रेरक बनवू लागते त्या आजारात, ती बहुधा मोठी आणि गडद दिसते, शिवाय रक्तप्रवाह रंगांत दाखवणारे डॉप्लर लावल्यावर रक्तप्रवाह इतका वाढलेला आढळतो की सगळी ग्रंथी रंगांनी भरून जाते. ही चित्रे निदानाला पुष्टी देतात. निदानाची सुरुवात मात्र रक्ताच्या तपासणीतून आणि रुग्णाच्या तक्रारींतूनच व्हायला हवी, कारण हाशिमोतोचा पोत दिसतो आहे पण टीएसएच अजून बिघडलेले नाही, अशी माणसे पुष्कळ असतात आणि त्यांना लगेच गोळीची गरज नसते.

सोनोग्राफीचा खरा अधिकार आहे तो गाठींच्या बाबतीत. हाताने तपासून पाहिले तर साधारण ४ ते ७ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची गाठ लागते. सोनोग्राफी करून पाहिली तर वेगवेगळ्या पाहण्यांत हेच प्रमाण १९ ते ६८ टक्क्यांपर्यंत गेलेले आहे, आणि वय वाढेल तसे ते वाढत जाते. स्त्रियांमध्ये ते अधिक असते. जिवंतपणी थायरॉइडची कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांच्या मरणोत्तर तपासणीत सुमारे निम्म्या लोकांच्या ग्रंथीत गाठी सापडल्याची नोंद १९५५ सालापासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. म्हणजे उतारवयात थायरॉइडमध्ये गाठ असणे ही जवळजवळ सर्वसाधारण गोष्ट आहे. तपासणीसाठी आलेल्या गाठींपैकी कर्करोगाच्या निघतात त्या ७ ते १५ टक्के. तेव्हा गाठ सापडली या बातमीत फारसे काही नसते. ती कशी दिसते, हे सांगण्यात सोनोग्राफी करणाऱ्याचे सगळे कौशल्य असते.

हे वर्णन ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहू नये यासाठी गुण देण्याच्या पद्धती आल्या. ‘टायरॅड्स’ हे नाव चिलीमधील डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे रुळले. पुढे २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने आणि त्याच वर्षी युरोपीय थायरॉइड असोसिएशनने आपापल्या पद्धती जाहीर केल्या. अमेरिकन पद्धतीत पाच गोष्टी पाहतात: गाठ भरीव आहे की द्रवाने भरलेली, ती किती गडद आहे, तिचा आकार आडवा आहे की उभा, तिची कड कशी आहे, आणि तिच्यात चमकणारे ठिपके आहेत का. या प्रत्येकाला गुण असतात आणि बेरजेवरून गाठ टीआर-१ ते टीआर-५ अशा पाच पायऱ्यांपैकी एकीवर बसते. तिसऱ्या पायरीची गाठ २.५ सेंटिमीटर, चौथीची १.५ सेंटिमीटर आणि पाचवीची १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर सुईने पेशी काढून तपासण्याचा सल्ला दिला जातो. पहिल्या दोन पायऱ्यांच्या गाठींना सुई लावण्याची गरज नसते.

या पद्धतीचे मर्म दोन गाठी शेजारी ठेवल्या की उमगते. एका स्त्रीच्या गळ्यात तीन सेंटिमीटरची गाठ आहे, पण आतून ती बारीक बारीक पोकळ्यांनी भरलेली, स्पंजासारखी दिसते. दुसरीच्या गळ्यातली गाठ आठच मिलिमीटरची आहे, पण ती भरीव आहे, आजूबाजूच्या ऊतींपेक्षा गडद आहे, तिची कड दातेरी आहे आणि रुंदीपेक्षा तिची उंची जास्त आहे. घरातल्या सगळ्यांना धास्ती पहिल्या गाठीची वाटते, कारण ती मोठी आहे आणि हाताला लागते. प्रत्यक्षात स्पंजासारखी गाठ जवळजवळ नेहमी निरुपद्रवी असते. दुसऱ्या गाठीत मात्र संशयाला जागा आहे, कारण निरुपद्रवी गाठ बहुधा ऊतींच्या थरांच्या दिशेने आडवी पसरते. थर ओलांडून उभी वाढणारी गाठ वेगळ्या स्वभावाची असण्याचा संभव अधिक असतो. तरीही आठ मिलिमीटर या आकाराला अमेरिकन पद्धत सरसकट सुई सुचवत नाही. मानेतल्या लसीका ग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) काही संशयास्पद नसेल आणि गाठ श्वासनलिकेला किंवा स्वरयंत्राच्या चेतातंतूला भिडलेली नसेल, तर वर्षाने पुन्हा पाहावे, असे ती सांगते.

चमकणाऱ्या ठिपक्यांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण रिपोर्टमधला तो शब्दप्रयोग अनेकांची झोप उडवतो. गाठीतल्या द्रवात घट्ट झालेल्या कोलॉइडचा, म्हणजे थायरॉइडमध्ये साठणाऱ्या चिकट द्रव्याचा, कण असला तर तोही चमकतो, पण त्याच्या मागे एक निमुळती होत जाणारी चकाकती शेपटी दिसते. ती दिसली की आम्ही निश्चिंत होतो. पॅपिलरी या थायरॉइडच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या कर्करोगात पेशींच्या आत-बाहेर साठलेल्या कॅल्शियमचे अतिशय बारीक कणही चमकतात, मात्र त्यांना अशी शेपटी नसते आणि ते इतके लहान असतात की मागे सावलीही पाडत नाहीत. दोन्ही ठिपके एक-दोन मिलिमीटरच्या आतलेच. एकाचा अर्थ जवळपास निर्धास्त, दुसऱ्याचा अर्थ तीन गुण. हा फरक प्रोब थोडा तिरपा करून, पुन्हा सरळ करून, जागच्या जागी पाहावा लागतो. छापलेल्या एका स्थिर चित्रावरून तो दुसऱ्या कोणाला खात्रीने सांगता येईलच असे नाही. म्हणूनच सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर आणि त्याने दिलेल्या वेळावर या तपासणीचा दर्जा फार अवलंबून असतो. गाठ सापडल्यावर मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसीका ग्रंथी पाहिल्याशिवाय तपासणी संपवणे मला अपुरे वाटते, कारण काही वेळा खरी बातमी तिथेच असते: मधला चरबीचा पांढरा पट्टा नाहीसा झालेली, आत द्रव किंवा कॅल्शियमचे कण असलेली एखादी गोल ग्रंथी.

या चित्राच्या मर्यादाही आहेत. फॉलिक्युलर जातीचा कर्करोग आणि त्याच पेशींची निरुपद्रवी गाठ यांतला फरक सोनोग्राफीत दिसत नाही, इतकेच काय, सुईने काढलेल्या पेशींतही दिसत नाही. पेशींनी गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी ओलांडली आहे का, हे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. अलीकडे गाठीचा कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी अनेक यंत्रांत असते. कडक गाठ अधिक संशयास्पद, हे तत्त्व बरोबर आहे, पण द्रवाने भरलेल्या किंवा कॅल्शियम साठलेल्या गाठीत ते मोजमाप फसते. मी त्याचा उपयोग पूरक पुरावा म्हणून करते, निकाल म्हणून करत नाही.

इतके बारीक दिसते, मग सगळ्यांचीच सोनोग्राफी का करू नये, असा प्रश्न सुशिक्षित माणसे मला आवर्जून विचारतात. दक्षिण कोरियात हे घडले. १९९९ मध्ये तेथे इतर काही कर्करोगांसाठी राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हता, पण रुग्णालये त्याच भेटीत थोड्या जादा शुल्कात गळ्याची सोनोग्राफी करून देऊ लागली आणि लोकही ती आनंदाने करून घेऊ लागले. २०११ सालापर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक लोकांना हे निदान मिळाले. या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र वर्षाला तीनशे ते चारशे होते, तितकेच राहिले. निदान पंधरापट होऊनही मृत्यू जागचे हलले नाहीत, याचा अर्थ सापडलेले बहुतेक कर्करोग माणसाला कधीच त्रास देणारे नव्हते. निदान झालेल्या जवळजवळ सर्वांवर उपचार झाले आणि त्यांपैकी बहुतेकांची संपूर्ण थायरॉइड काढली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांना थायरॉइडलगतच्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम बिघडण्याची आणि सुमारे २ टक्क्यांना स्वरतंतू लुळे पडण्याची झळ बसली. तेथीलच काही डॉक्टरांनी २०१४ साली या प्रकाराविरुद्ध जाहीर आवाज उठवला आणि वर्षभरात शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ३५ टक्क्यांनी घटली.

जपानमधील फुकुशिमाचे उदाहरणही याच अंगाने पाहण्यासारखे आहे. २०११ च्या अणुभट्टी दुर्घटनेनंतर त्या प्रांतातील सुमारे ३ लाख मुलांची थायरॉइड सोनोग्राफी पहिल्या फेरीत झाली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त कर्करोग सापडले. चेर्नोबिलच्या १९८६ मधील दुर्घटनेनंतर दूषित दुधातून किरणोत्सारी आयोडीन मुलांच्या शरीरात गेले होते आणि तेथे कर्करोग खरोखरच वाढले होते, त्यामुळे भीती स्वाभाविक होती. परंतु दुर्घटनेची झळ न बसलेल्या आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी येथील मुलांना त्याच पद्धतीने तपासल्यावर त्यांच्यातही तशाच गाठी आणि द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या सापडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने पुढे असा निष्कर्ष काढला की फुकुशिमातली वाढ किरणोत्सर्गापेक्षा अतिसंवेदनशील तपासणीमुळे दिसली असण्याची शक्यता अधिक आहे. एका निरोगी मुलाच्या आईवडिलांना ‘कर्करोग’ हा शब्द ऐकावा लागणे याचे मोल कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि म्हणून कोणतेही लक्षण नसलेल्या प्रौढांची थायरॉइड कर्करोगासाठी चाळणी करू नये, या अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१७ मध्ये दिलेल्या शिफारशीशी मी मनापासून सहमत आहे. लहानपणी मानेवर किरणोपचार झालेले किंवा कुटुंबात थायरॉइडच्या कर्करोगाचा आनुवंशिक इतिहास असलेले लोक यांना ही शिफारस लागू नाही. त्यांनी तपासणी करून घ्यायलाच हवी.

जपानमधीलच कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून या प्रश्नाला धीराने उत्तर शोधले. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, न पसरलेल्या पॅपिलरी कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी ठरावीक काळाने सोनोग्राफी करत नजरेखाली ठेवण्याचा पर्याय अकिरा मियाउची यांच्या पुढाकाराने तेथे देण्यात आला. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांची गाठ तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढली आणि सुमारे ३.८ टक्क्यांच्या लसीका ग्रंथींत रोग दिसला. त्यांच्यावर त्या वेळी शस्त्रक्रिया झाली आणि उशीर झाला म्हणून कोणाचा जीव गेला नाही. ज्या तंत्राने अनावश्यक निदानांचा पूर आणला, तेच तंत्र रुग्णाला शस्त्रक्रियेपासून सुरक्षितपणे दूर ठेवायलाही वापरता येते, हे या कामाने दाखवले, आणि थायरॉइडच्या सोनोग्राफीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळते: ग्रंथीचे काम दाखवणारे चित्र असते का? असते, पण ते ध्वनीने काढता येत नाही. थायरॉइड आपले संप्रेरक आयोडीनपासून बनवते आणि त्यासाठी रक्तातले आयोडीन ओढून घेते. बॉस्टनमधील सॉल हर्ट्झ या डॉक्टरने नोव्हेंबर १९३६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांच्या व्याख्यानानंतर त्यांना विचारले की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का. त्या प्रश्नातून अण्वीय वैद्यकाची एक मोठी शाखा उभी राहिली. १९३७ साली सशांवर प्रयोग झाले, तेही अवघ्या २५ मिनिटांचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) असलेले आयोडीन-१२८ वापरून; १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी पहिल्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीनने उपचार केला; आणि १९५० च्या सुमारास बेनेडिक्ट कॅसन यांनी गळ्यावरून ओळीओळीने फिरत किरणांचा नकाशा काढणारे यंत्र बनवले. आजचा गॅमा कॅमेरा एकाच वेळी सगळी ग्रंथी टिपतो. बहुतेक ठिकाणी आयोडीनऐवजी टेक्नेशियम-९९एम वापरतात, कारण थायरॉइड तेही आयोडीनसारखेच ओढून घेते, त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे, आणि शिरेत टोचल्यावर वीस-तीस मिनिटांत चित्र मिळते. आयोडीन-१२३ चे अर्धायुष्य सुमारे १३ तासांचे; त्याचे चित्र अधिक नेमके, पण वेळ घेणारे. या स्कॅनमधून शरीराला काही मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) इतका किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच, त्या मानाने हे प्रमाण समजून घ्यावे.

हा स्कॅन केव्हा करावा, याचे उत्तर टीएसएचपाशी आहे. टीएसएच खाली गेलेले असेल, म्हणजे रक्तात संप्रेरक जास्त झालेले असेल, तेव्हाच या चित्राला खरा अर्थ येतो. वजन उतरणे, छातीत धडधड, हात थरथरणे, उकाडा सहन न होणे या तक्रारी घेऊन आलेल्या दोन रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट अगदी सारखे असू शकतात, तरी आजार पूर्ण वेगळे असतात. पहिल्याच्या स्कॅनमध्ये सगळी ग्रंथी एकसारखी गडद उमटते: तो ग्रेव्हज आजार, ग्रंथी खरोखरच जादा संप्रेरक बनवते आहे, आणि तिला आवर घालणारी औषधे द्यावी लागतील. दुसऱ्याच्या स्कॅनमध्ये गळ्याची जागा जवळजवळ कोरी राहते: ही थायरॉइडची सूज, ग्रंथी नवे काही बनवतच नाही, तिच्यात साठलेले संप्रेरक दाहामुळे फक्त रक्तात गळते आहे. या दुसऱ्या रुग्णाला संप्रेरक बनणे थांबवणारी औषधे देऊन काहीच उपयोग नाही. त्याला धडधडीवर आणि दुखण्यावर औषध देऊन काही आठवडे थांबावे लागते. एका चित्राने उपचाराची दिशाच बदलावी, असे प्रसंग निदानशास्त्रात रोज येत नाहीत, आणि म्हणून मला ही तपासणी विशेष मोलाची वाटते. तिसरी शक्यता अशी की एकच गाठ गडद उमटते आणि बाकीची ग्रंथी फिकी पडते; टीएसएचला न जुमानता आपणहून संप्रेरक बनवणाऱ्या त्या स्वयंचलित गाठीत कर्करोग क्वचितच असतो, त्यामुळे तिला सुई लावण्याची गरज सहसा पडत नाही. उलट आयोडीन न घेणाऱ्या ‘थंड’ गाठीबद्दल धास्ती पसरलेली असते, ती मात्र अनाठायी आहे. थंड गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवीच असतात. टीएसएच नेहमीसारखे असताना केलेला स्कॅन ‘थंड गाठ’ एवढेच सांगतो आणि आपल्याला आधी होते तिथेच सोडतो.

गर्भावस्थेत हा स्कॅन करत नाहीत, कारण साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून गर्भाची थायरॉइडसुद्धा आयोडीन साठवू लागते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत थायरॉइडला सूज येणे आणि ग्रेव्हज आजार उफाळणे या दोन्ही गोष्टी संभवतात, आणि नेमक्या त्याच काळात आई बाळाला अंगावर पाजत असते. उपचारासाठी वापरतात ते किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिले तर त्या बाळाचे स्तनपान बंदच करावे लागते. टेक्नेशियमच्या बाबतीतही किती वेळ दूध द्यायचे नाही, हे त्या विभागाकडून आधीच विचारून घ्यावे. सुदैवाने ग्रेव्हजची प्रतिपिंडे रक्तात शोधण्याची चाचणी आता चांगली झाली आहे आणि डॉप्लरमधील रक्तप्रवाहही दिशा दाखवतो, त्यामुळे अशा आईच्या बाबतीत स्कॅन बहुधा टाळता येतो.

सीटी स्कॅनचा प्रश्न वेगळा आहे. सोनोग्राफीचा उच्च वारंवारतेचा ध्वनी हाडातून आणि हवेतून पुढे जात नाही, त्यामुळे छातीच्या मधल्या हाडामागे उतरलेला गळगंड सोनोग्राफीला दिसत नाही. तो किती खाली गेला आहे आणि श्वासनलिका किती दबली आहे, हे सीटीच सांगते. पण सीटीसाठी शिरेत देतात त्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असते. शरीराची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅमची, तर १०० मिलिलिटर कॉन्ट्रास्टमध्ये ३० ग्रॅम किंवा अधिक आयोडीन असते. त्यानंतर एक-दोन महिने थायरॉइडचा स्कॅन निरुपयोगी होतो आणि स्वयंचलित गाठी असलेल्या रुग्णाचा अतिस्राव एकाएकी भडकू शकतो. म्हणून थायरॉइडचा आजार असलेल्या माणसाने कोणत्याही कारणासाठी सीटी ठरली, तरी तो आजार आधी सांगावा. एमआरआयमध्ये ना किरणोत्सर्ग असतो ना आयोडीन. ग्रेव्हजमुळे डोळे पुढे आलेल्या रुग्णात डोळे फिरवणारे स्नायू किती सुजले आहेत आणि दृष्टीच्या चेतातंतूवर दाब येतो आहे का, हे पाहण्यासाठी तो उत्तम. त्या सुजेत स्नायूचा मधला भाग फुगतो आणि त्याचे टोक मात्र बारीकच राहते, ही खूण ओळखीची आहे. पेट स्कॅन, म्हणजे साखर जास्त वापरणाऱ्या पेशी उजळून दाखवणारी तपासणी, थायरॉइडच्या गाठीसाठी म्हणून कोणी सुरुवातीला करत नाही, पण दुसऱ्या आजारासाठी केलेल्या पेटमध्ये थायरॉइडमधला एखादा ठिपका उजळला, तर त्यात कर्करोग असण्याची शक्यता सुमारे तीनात एक असते आणि त्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. संपूर्ण ग्रंथी एकसारखी उजळली असेल, तर ते बहुधा जुन्या दाहाचे लक्षण असते.

नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच फार वाढलेले निघाले, तर ग्रंथी मुळात आहे का, असली तर जागेवर आहे का, की जिभेच्या मुळाशीच अडकून राहिली आहे, हे स्कॅन आणि सोनोग्राफी मिळून सांगतात. या बाबतीत एकच गोष्ट ठामपणे लिहावीशी वाटते: चित्र मिळण्याची वाट पाहत औषध थांबवू नये. पहिल्या काही आठवड्यांत मेंदूच्या वाढीला हे संप्रेरक लागते, आणि चित्र नंतर काढूनही निदान पुरे करता येते.

राहिला पाठपुराव्याचा मुद्दा. दोन वेळच्या सोनोग्राफीत गाठ एक मिलिमीटरने वेगळी भरली, म्हणून ती वाढली असे होत नाही. प्रोबच्या तिरकेपणाने आणि मोजणाऱ्याच्या हाताने तेवढा फरक पडतोच. किमान दोन मापांत २० टक्के आणि निदान दोन मिलिमीटर वाढ, किंवा आकारमानात ५० टक्क्यांहून अधिक वाढ, इतका बदल झाला तरच आम्ही तो खरा मानतो. म्हणून दर वेळी मागचा रिपोर्ट आणि शक्य असेल तर मागची चित्रे बरोबर आणावीत, आणि जमेल तिथे त्याच ठिकाणी तपासणी करावी. पाचव्या पायरीची गाठ वर्षाला एकदा, चौथ्या पायरीची पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, तिसऱ्या पायरीची पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी पाहावी, असे अमेरिकन पद्धत सुचवते. पाच वर्षांत काही बदल झाला नाही, तर तिथे तपासणी थांबवता येते.